लोकरीचा चेंडू आणि लोखंडी कडे

तंजावरचे मराठी राज्य 1855 च्या ऑक्टोबरात, दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले तेव्हा, खालसा झाले. पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने राजवाड्यावर फौज आणून खजिना, जडजवाहीर आणि स्थावर-जंगम मालमत्ता जप्त केली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी या जप्तीविरुद्ध केलेली फिर्याद समुद्र ओलांडून लंडनपर्यंत पोहोचली खरी, पण ही राज्यसत्तेची कृती असल्याने न्यायासनाला तीत हात घालता येत नाही, असा निवाडा 1859 साली प्रिव्ही कौन्सिलने देऊन ती निकालात काढली. जप्तीच्या त्याच 1856 सालाशी आणखी एक गोष्ट जोडली गेलेली आहे, आणि इतिहासकारांनी तिच्याकडे फारसे पाहिले नसले तरी आम्हां तंजावरकरांना ती राजसत्तेच्या अखेरच्या हकिगतीइतकीच जवळची वाटते : लोकरीच्या पिवळ्या चेंडूने खेळला जाणारा बॉल बॅडमिंटनचा खेळ त्या सालापासून इथल्या राजघराण्यात खेळला जात असल्याचे सांगतात. ज्या वाड्याच्या कोठारांना परक्या सरकारच्या मोहोरा लागत होत्या, त्याच वाड्याच्या एखाद्या चौकात काही माणसे जाळीच्या दोन्ही अंगांना उभी राहून एक हलका चेंडू भुईला लागू देत नाहीत, हे चित्र माझ्या मनाने लहानपणीच रंगवले आणि आजवर पुसू दिलेले नाही.

चौकातला हा खेळ पुढे गावभर झाला. राजवाड्याभोवती चार राजवीथी, त्या वीथींना फुटणारे अरुंद बोळ, आणि बोळ संपतात तिथे कोटाच्या खंदकालगतच्या, कोणाच्याच नावावर नसल्यासारख्या मोकळ्या जागा, अशी या शहराची जुनी ठेवण आहे. खेळाला लागते ती चोवीस मीटर लांब आणि बारा मीटर रुंद एवढी सपाट माती, दोन खांब, माणसाच्या उंचीची जाळी आणि चुन्याची फक्की. माझ्या बाळपणी, म्हणजे 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात, मेल राजवीथीमागच्या आमच्या वस्तीत अशी एक माती होती. पहाटे तिच्यावर पाणी शिंपडून, तिला चोपून, दोरी धरून रेघा मारल्या जात. हे काम कोणी कोणाला नेमून दिलेले नसे. जो आधी येई तो दोरी उचली, आणि दोरी उचलणाऱ्याला पहिल्या डावात हक्काने जागा मिळे. हा अलिखित कायदा कोणत्याही दिवाणी कायद्यापेक्षा काटेकोर पाळला जात असल्याचे मी पाहिले आहे.

प्रत्येक बाजूला पाच भिडू. एक जाळीपाशी, दोघे-तिघे मध्ये, उरलेले पिछाडीला. डाव तेव्हा 29 गुणांचा. चेंडू जेमतेम 30 ग्रॅमांचा, व्यास पाच सेंटिमीटरांच्या आसपास. पण लोकरीच्या त्या गुंडाळ्याला तातीच्या रॅकेटने कापत मारले की तो हवेत अशी काही वळणे घेई की समोरच्याने उचललेला हात रिकामाच परत यावा. आमच्यातले जाणते खेळाडू सगळे कारकून, शिक्षक, पेढीवरचे हिशेबनीस. दिवसभर बैठ्या जागी मान मोडून काम करणारी ती माणसे संध्याकाळी पाचनंतर धोतराचा काचा मारून मैदानात उतरली की त्यांच्या मनगटांतून जे चापल्य प्रकटे, ते त्यांच्या कचेरीतल्या साहेबांनी कधी पाहिले असते तर त्यांच्याशी बोलण्याची त्यांची भाषाच बदलली असती. लहान-थोर सारे त्यांना ‘अण्णा’ म्हणत. गुण तमिळमध्ये मोजले जात. पण सोपा चेंडू हातून सुटला की आमच्या घरांतल्या पोरांच्या तोंडून मराठी उद्गार निघे, आणि त्या उद्गारांवरून कोणता मुलगा कोणत्या राव मंडळींचा हे पलीकडचे भिडू बरोबर ओळखत.

वारा मात्र काही चालू देत नसे. आडी या तमिळ महिन्यात कावेरीच्या खोऱ्यावरून जो वारा सुटतो, त्यात लोकरीचा चेंडू खेळाडूंचे न ऐकता आपल्याच मर्जीने जाई. म्हणून तंजावरातल्या जुन्या पटांगणांना कुठे पडक्या भिंतीचा, कुठे चिंचेच्या रांगेचा आडोसा असे, आणि वस्तीतली पटांगणे त्या आडोशाच्या जोरावर तोलली जात. ऐप्पसी-कार्तिकातला ईशान्येचा पाऊस सुरू झाला की खेळ पुरताच थांबे. भिजलेली लोकर जड होते आणि रॅकेटची तात सैल पडते. त्या दिवसांत आम्ही मोठ्या खेळाकडे, म्हणजे आमच्या शाळेच्या मागच्या अंगणातल्या दोन लोखंडी कड्यांकडे वळत असू.

बास्केटबॉलची कथा या गावात वेगळ्या वाटेने आली. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने, हिवाळ्यात कोंडलेल्या अठरा विद्यार्थ्यांना काही उद्योग हवा म्हणून, व्यायामशाळेच्या सज्जाला दहा फुटांवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. त्याच वाय.एम.सी.ए. परंपरेतले हॅरी क्रो बक यांनी 1920 साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय स्थापन केले. तिथून शिकून बाहेर पडलेले शिक्षक पुढील दशकांत तमिळ मुलखातल्या लहान-मोठ्या गावांच्या शाळांत गेले, आणि छातीवर शिटी लटकवलेला ‘डिरिल सार’ ही व्यक्ती आमच्या शालेय जीवनात आली. त्यांनी जिल्ह्या-जिल्ह्यांत सागवानी फळ्या आणि लोखंडी कडी उभी केली. टोपलीचे कडे झाले, पण दहा फुटांची उंची तीच राहिली. स्प्रिंगफील्डच्या सज्जाची ती उंची तंजावरच्या मातीत उभ्या खांबावर तशीच पाहून मला आजही नवल वाटते.

आमच्या कड्यांना जाळी नव्हती. जाळी नसली म्हणजे चेंडू कड्यातून गेला की कड्याच्या बाहेरून खाली आला, यावर तंटा उभा राहतो, आणि तो सोडवायला पंच नसतो. अशा वेळी दोन्ही पक्षांतला वयाने सर्वांत लहान मुलगा जे सांगेल ते मान्य करायचे, असा आमच्याकडे रिवाज होता. त्या मुलाच्या चेहऱ्यावर एकदम जे गांभीर्य येई, ते मी मोठमोठ्या न्यायासनांवरही क्वचितच पाहिले. पावसाने चिखल झाला की चेंडू टप्पा घेत नसे, त्यामुळे आम्ही तो उसळवत पळण्याऐवजी हातांनीच एकमेकांकडे देत खेळायला शिकलो. पुढे कधीतरी वाचनात आले की 1936 साली बर्लिनला ऑलिंपिकमधला बास्केटबॉलचा पहिला अंतिम सामना उघड्या मातीच्या मैदानावर भर पावसात झाला, चेंडू उसळेचना, आणि अमेरिकेने कॅनडाला 19 विरुद्ध 8 अशा तुटपुंज्या गुणसंख्येने हरवले. प्रेक्षकांत वृद्ध नेस्मिथही होते. ते वाचताना मला आमचे चिखलाने माखलेले अंगण जगाच्या त्या थोर मैदानाशी सख्ख्या नात्याने बांधलेले दिसले.

वस्तीतल्या पटांगणाचे खरे मोल मला मुंबईला गेल्यावर उमगले. नागपाड्यात 1927 साली अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नेबरहूड हाऊस सुरू केले. हेच मॅनशार्ट 1936 साली टाटांच्या समाजकार्य विद्यालयाचे पहिले संचालक झाले. दाट, गरीब, नाना धर्मांच्या लोकांनी भरलेल्या त्या मोहल्ल्यात बास्केटबॉल असा रुजला की संध्याकाळच्या दिव्यांखाली खेळत वाढलेली तिथली मुले थेट देशाच्या संघापर्यंत पोहोचली, आणि त्यांतले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले. त्यांना 1970 साली अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच 1970 साली तोच पुरस्कार आंध्रातल्या जम्मलमडक पिच्चय्या यांना मिळाला, तो बॉल बॅडमिंटनसाठी. एक खेळ सातासमुद्रांपलीकडून आलेला, दुसरा आमच्या वाड्यातून निघालेला. दोघांचे मानकरी एकाच यादीत पाहताना मला किती आनंद झाला, ते शब्दांत सांगणे कठीण आहे. लोकरीच्या चेंडूला ऑलिंपिकचे दार कधी उघडले नाही, याची मला खंत आहे. पण 1954 साली त्याचा अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, आणि शाळा-महाविद्यालयांच्या सामन्यांतून तो आजही जिवंत आहे.

आमच्या वस्तीतली माती आता उरली नाही. तिच्यावर प्रथम गाड्या उभ्या राहू लागल्या, मग एक दुकान आले, मग दुकानाला माडी चढली. हुकूमनामा निघाला नाही, दवंडी पिटली गेली नाही. शहरांनी रस्ते रुंद करावेत, बाजार वाढवावेत, हे मला मान्य आहे. पण ज्या बारा मीटर मातीवर हिशेबनीसाचा मुलगा आणि विणकराचा मुलगा एकाच बाजूने खेळले, तिची नोंद नगरपालिकेच्या कोणत्याही दफ्तरात मोकळी जागा यापलीकडे नसावी, हे मला सहन होत नाही. दोघांची घरे निराळी, देवळे निराळी, सण निराळे. पाच जणांचा संघ बनवताना मात्र मनगट पाहिले जाई.

महाराष्ट्रातून तंजावरला येणारे पाहुणे बृहदीश्वराच्या देवळात जाऊन सरफोजीराजांनी 1803 साली कोरवलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख पाहतात, सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीचे रुमाल पाहतात, आणि दुपारच्या गाडीने निघून जातात. त्यांनी निघू नये. संध्याकाळी पाचपर्यंत थांबावे, एखाद्या शाळेच्या किंवा क्रीडांगणाच्या कुंपणाशी उभे राहून तो पिवळा चेंडू पाहावा. पाचांत एक भिडू कमी असला तर मुले त्यांनाही हाक मारतील. तेव्हा वयाचा विचार न करता, जोडे बाहेर काढून त्यांनी खुशाल आत जावे.