खर्जाच्या वाद्यासाठी पुस्तके निवडताना

शिकागोच्या वास्तव्यात एका हौशी वाद्यवृंदात टेनर ट्रॉम्बोन सोडून बेस ट्रॉम्बोन वाजविण्याची जबाबदारी मजकडे आली, तेव्हा नित्याच्या अभ्यासासाठी कोणती पुस्तके मुक्रर करावीत, हा प्रश्न मला फार गंभीर वाटला; कारण ज्या स्वरांवर साऱ्या वृंदाचा पाया उभा राहावयाचा, त्यांचा अभ्यास टेनरच्या पुस्तकांत जवळजवळ नसतोच.

वस्तुतः दोन्ही वाद्यांची मूळ नळी बी-फ्लॅटचीच. बेसची नळी मात्र अधिक रुंद, आणि अंगठ्याचा खटका दाबताच तीत आणखी नळी जोडली जाऊन वाद्य एफ स्वरात उतरते. पण लांबी वाढल्यामुळे स्लाइडवरील सात स्थानांची सहाच उरतात आणि खर्जातील बी हा स्वर हाताबाहेर राहतो. त्याच्याकरिता दुसऱ्या खटक्याची तजवीज झाली. एका खटक्याच्या अभ्यासासाठी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे वादक अॅलन ऑस्ट्रँडर यांचे, तर दोन खटक्यांसाठी अॅलन राफ यांचे पुस्तक मला उपयुक्त वाटले.

तथापि माझ्या वयोवृद्ध गुरुजींची शिफारस निराळीच होती. बोस्टन सिंफनीचे वादक जोआनेस रोशू यांनी मार्को बोर्दोन्यी या इटालियन गायकाच्या स्वरपाठांवरून ट्रॉम्बोनसाठी सिद्ध केलेले आणि 1928 साली तीन भागांत निघालेले 120 पाठ त्यांनी माझ्यापुढे ठेवले, आणि प्रत्येक पाठ आधी गुणगुणून, मग लिहिल्याप्रमाणे व शेवटी एक सप्तक खाली वाजविण्यास फर्माविले. मंद्रात श्वास इतक्या वेगाने सरतो की वर एका दमात पुरी होणारी ओळ खाली मध्येच तुटते. तेव्हा श्वास कोठे घ्यावा, अर्थाला बाध न आणता कोणता स्वर किंचित आखडावा, याचा निर्णय वादकालाच करावा लागतो. पुण्यात पहाटे खर्ज भरणाऱ्या गवयांची साधना मी लहानपणी ऐकली होती; तिच्याशी या अभ्यासाचे नाते मला तत्काळ जाणवले. खटक्यांची पुस्तके स्वर कोठे आहे ते दाखवितात. तो स्वर गाता कसा ठेवावा, हे मला रोशूच्या पाठांनीच शिकविले, आणि म्हणून त्यांचे स्थान मी सर्वांत वरचे मानतो.

जिभेच्या स्पष्टतेसाठी व स्वरांतील लांब उड्यांसाठी कोप्राश या हॉर्नवादकाचे 60 पाठही चांगले. आणि शिकागो सिंफनीत 1940 ते 1985 बेस ट्रॉम्बोन वाजविणाऱ्या एडवर्ड क्लाइनहॅमर यांचे 1963 चे पुस्तक तर वाद्य खाली ठेवूनही वाचावे.

नव्या वादकाने मात्र सारा संग्रह एकदम करू नये. रोशूचा पहिला भाग आणि आपल्या वाद्यास जितके खटके असतील त्यानुसार ऑस्ट्रँडर किंवा राफ, एवढी दोनच पुस्तके प्रथम घ्यावीत; कोप्राश पुढील वर्षी घेण्यास हरकत नाही.