निळी फाईल

दहावीचा मार्कमेमो हातात पडला तेव्हा वडिलांनी बीडच्या बसस्टँडसमोरून बटनाची निळी फाईल घेऊन दिली. टीसी, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सगळं तिच्यात मावलं. आईनं ती खताच्या गोणीत गुंडाळून आढ्याला टांगली. उसाच्या फडावरच्या कोपीत एका पावसात रेशनकार्ड भिजलेलं तिनं पाहिलं होतं.

ऊसतोडीच्या घरात निर्णयाचे दिवस अवघड वेळी येतात. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा आई-बाप कारखान्यावर. निकाल लागून प्रवेश सुरू होतात, त्याच पावसाळ्यात मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल घेतली जाते. सायन्सच्या क्लासची फी त्या उचलीतूनच जाणार, हे पोराला पक्कं ठाऊक असतं. विषय निवडताना त्याच्या डोळ्यांपुढं आई-बापाचा अख्खा हंगाम उभा असतो. त्याच्या छातीतल्या धडधडीत हिशेब असतो, आणि माझ्या मते तो बराचसा बरोबर असतो.

ती फाईल घेऊन मी भरतीच्या रांगेत उभा राहिलो. पुण्यात कॉट बेसिसवर राहून परीक्षा दिल्या. बटन तुटलं, रबर लावलं. यादीत नाव नसलं की घरी फोन करणं टाळायचो. आत्मविश्वासावरची भाषणं पुष्कळ ऐकली. कामी आलं ते चुलत्यांचं बोलणं. "नाही झालं तर ये, रान कुठं पळून जात नाही." त्यानंतर पेपर लिहिताना हात थरथरला नाही.

म्हणून आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे मला जवळचा वाटतो. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला. स्टीपलचेस त्याला सैन्यात पाय रोवल्यावर सापडली. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, पुढच्या वर्षी आशियाई सुवर्ण. त्याच्या जिद्दीबद्दल सगळे बोलतात. तिच्या पाठीशी महिन्याचा पगार होता, हेही आमच्या पोरांना सांगायला हवं.

आता मी शिकवतो त्या शाळेत माझ्याकडं पोरं मोबाईलमधले पीडीएफ घेऊन येतात. "सर, कोणती लाईन घेऊ?" मी आधी घरच्या उचलीचं विचारतो, आणि जमेल तेव्हा वडिलांनाच बोलावून घेतो. बारावी झालेली एक मुलगी सारखी "काहीही चालेल" म्हणत होती. तिचे वडील तिच्यासमोर म्हणाले, "एखादं वर्ष वाया गेलं तरी चालंल. लग्नाचं नाव काढणार नाही."

ती लगेच म्हणाली, "मग मला बी.एस्सी. नर्सिंगलाच जायचंय."