पाण्यापासून लांब

होस्टेलमध्ये रूम नंबर मिळाला की झोपायच्या जागेचा प्रश्न मिटतो. जंगलाजवळ तसं नसतं, मित्रांनो! बोर व्याघ्र प्रकल्पाची सकाळची सफारी होती, म्हणून आम्ही चौघं आदल्या संध्याकाळीच हिंगणीच्या पुढे एका खेड्यात पोचलो. २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला तेव्हा बोर देशात सर्वांत लहान होता, जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. पण वाघाला हे आकडे कोण सांगणार?

जंगलात मुक्काम करता येत नाही. बाहेर नाल्याकाठी सपाट जागा दिसली. मऊ वाळू, जवळच पाणी. कॉन्व्हेंटच्या इंग्रजी पुस्तकातले कॅम्प अगदी असेच! तंबू उघडण्याआधी एका काकाजींना विचारलं.

"काहून बे पोट्टेहो? तिथं तं राती सारेच येतात पानी प्याले."

"सारे म्हणजे?"

"सारे म्हंजे सारे!"

उन्हाळ्यात पाणी उरतं तिथे चितळ येतात आणि चितळांमागे बिबट, वाघ. तिथे झोपणं म्हणजे त्यांच्या वाटेत आडवं पडणं. काकाजींनी आपल्या अंगणात बाजा टाकून दिल्या आणि स्वतः लवकर झोपले. पहाटे त्यांना धुऱ्यावरची मोहफुलं वेचायला जायचं होतं. हातात फक्त काठी.

"वाघ दिसला का?" असं होस्टेलवर सगळे विचारतात. नाही दिसला. आम्ही जिप्सीत बसून त्याला शोधत होतो. काकाजी मात्र रोज पायी जातात, आणि तो दिसू नये म्हणून देवाला हात जोडतात.