भात्याचा कॅमेरा, भाताचं नाव

बालमित्रांनो, आज एक कोडं घालतो. आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्या आणि जपानमधला एक कॅमेरा, यांचा एकमेकांशी काय संबंध?

तुम्ही म्हणाल, काहीच नाही. थांबा, घाई करू नका. आई-बाबांना विचारा, 'मिनोल्टा' हे नाव आठवतं का? लग्नात फोटो काढायला आलेल्या माणसाच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यावर त्यांनी कदाचित ते वाचलं असेल. यंत्रं, भिंगं अशा अर्थाच्या शब्दांची अक्षरं घेऊन, शेवटी कंपनीचे मालक ताशिमा यांचा 'ता' जोडून ते नाव तयार केलं होतं. पण ते आवडण्याचं आणखी एक कारण होतं. कानाला ते जपानीतल्या 'मिनोरु ता'सारखं लागतं. आणि 'मिनोरु ता' म्हणजे पिकत आलेलं भाताचं शेत! दिवाळीच्या सुमारास साकोली-लाखांदूरकडे एसटीच्या खिडकीतून जे दिसतं, तेच की!

आता नाव जरा बाजूला ठेवू आणि वस्तू बघू. माझ्याकडे १९३०च्या दशकातला एक जपानी घडीचा कॅमेरा आहे. नागपूरला जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाला. मिटलेला असला की काळ्या कातड्याचं जाड पुस्तकच वाटतो. खटका दाबला की पुढचं झाकण खाली येतं आणि त्याचीच फळी होते. फळीवर दोन रूळ असतात. भिंगाची चौकट धरून ओढली की ती रुळांवरून पुढे सरकते आणि तिच्यामागे काळा भाता उलगडत जातो. हो, भाताच! लोहाराचा असतो, बाजाच्या पेटीचा असतो, तसाच घड्याघड्यांचा. फरक एवढाच, की लोहाराच्या भात्यातून वारा बाहेर पडायला हवा, आणि या भात्यातून उजेडाचा कणही आत शिरायला नको. टाचणीएवढं भोक पडलं तरी फोटो बिघडलाच म्हणून समजा.

या कॅमेऱ्यात फिल्म नाही, काच घालतात. साडेसहा सेंटिमीटर रुंद आणि नऊ सेंटिमीटर लांब काच, तिच्यावर चांदीच्या क्षारांचा थर. त्या काळी बरेचदा काच कागदावर ठेवूनच फोटो छापत, म्हणजे जेवढी काच तेवढाच फोटो. फोटो मोठा हवा तर काच मोठी, आणि काच मोठी तर खोकंही मोठं. मग असलं धूड घेऊन हिंडायचं कसं? म्हणून ही घडीची युक्ती! शिवाय जवळची वस्तू स्पष्ट दिसायला भिंग काचेपासून लांब न्यावं लागतं, दूरच्या वस्तूसाठी जवळ आणावं लागतं. भात्यामुळे तेही साधतं. पवनीच्या किल्ल्याच्या दरवाजासारखं काही उंच टिपायचं असेल तर कॅमेरा न वाकवता नुसतं भिंग थोडं वर सरकवायचीही सोय काही कॅमेऱ्यांत असे.

मागच्या बाजूला घासलेली काच असते. तिच्यावर समोरचं चित्र उमटतं, तेही उलटं. मामा तलाव डोक्यावर आणि आभाळ पायाखाली! चित्र स्पष्ट झालं की भिंगाचं झाकण, म्हणजे शटर, बंद करायचं. घासलेल्या काचेच्या जागी फोटोची काच असलेलं खोकं सरकवायचं, त्याची झाकणपट्टी ओढायची, शटर उडवायचं आणि पट्टी पुन्हा आत ढकलायची. एवढ्या खटाटोपात मिळाला फक्त एक फोटो. मोबाईलवर तेवढ्या वेळात तुम्ही पन्नास काढाल.

हा कॅमेरा मी एकदा शेजारच्या नववीतल्या मुलीला दाखवला. त्या दिवसांत ती जरा रुसलेलीच होती. तिच्या घरी धान उफणायचा पंखा आहे, हाताने फिरवायचा. तिने त्याची छोटी प्रतिकृती केली आणि तिला सायकलचं पायडल लावलं, म्हणजे आजीला बसल्या बसल्या पंखा चालवता येईल. विज्ञान प्रदर्शनात एका परीक्षकांनी ती पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ही तर पुस्तकातली नक्कल आहे." बस, त्या दिवशीच प्रतिकृती माळ्यावर गेली. "आता मी काही बनवणारच नाही," असं तिने आईला सांगून टाकलं.

कॅमेरा बघता बघता तिने विचारलं, "काकाजी, हा जपान्यांनी स्वतःच्या डोक्याने बनवला?"

मी खरं तेच सांगितलं. तुम्हालाही सांगतो.

टोकियोत १८७३ साली सुगिउरा रोकुसाबुरो नावाच्या औषधविक्रेत्याने आपल्या दुकानात फोटोचं सामान विकायला सुरुवात केली. त्याच दुकानाची पुढे 'कोनिका' कंपनी झाली. त्यांचा 'चेरी' नावाचा कॅमेरा १९०३ साली निघाला. मग 'लिली' नावाचे घडीचे कॅमेरे आले. घडण युरोपातल्या कॅमेऱ्यांसारखी. ओसाकाकडे १९२८ साली ताशिमा कझुओ यांनी कंपनी काढली, तिचं नावच होतं 'निचिदोकु', म्हणजे जपानी-जर्मन! मदतीला दोन जर्मन तंत्रज्ञ होते आणि सुरुवातीला शटर, भिंगंही जर्मनीचीच. आणि ज्या कॅमेऱ्यावर 'मिनोल्टा' हे नाव पहिल्यांदा आलं, तो १९३३ सालचा कॅमेरा म्हणजे फ्रँकफर्टच्या 'प्लाउबेल माकिना'ची नक्कल. कात्रीसारख्या पट्ट्यांवर पुढे येणारं भिंगसुद्धा तसंच.

"म्हणजे नक्कलच ना!" ती जवळजवळ ओरडलीच. तिचे डोळे मात्र चमकले होते.

"हो, पण पुढचं ऐक," मी म्हणालो. ते जर्मन तंत्रज्ञ काही वर्षांतच कंपनी सोडून गेले. काम थांबलं नाही. भिंगं जपानमध्येच मिळू लागली. ती करणारी 'आसाही' कंपनी १९१९ साली चष्म्याच्या काचा करण्यापासून सुरू झाली होती. तीच पुढे 'पेंटॅक्स' म्हणून प्रसिद्ध झाली. ताशिमांच्या पहिल्या कॅमेऱ्यांना तीस-पस्तीस वर्षं होतात न होतात, तोच २० फेब्रुवारी १९६२ला जॉन ग्लेन हा अमेरिकन अंतराळवीर पृथ्वीभोवती फिरून आला. त्याने दुकानातून विकत घेऊन सोबत नेलेला एक छोटा कॅमेरा मिनोल्टा कंपनीनेच बनवलेला होता. गंमत म्हणजे त्याच्यावर मिनोल्टाचं नाव नव्हतं! अमेरिकेत तो 'आन्स्को' या नावाने विकला जात होता.

मुलांनो, दुसऱ्याची वही समोर ठेवून गणित उतरवणं निराळं आणि दुसऱ्याची वस्तू खोलून, तिचा प्रत्येक स्क्रू का आहे हे समजून पुन्हा उभी करणं निराळं. पहिल्यात डोकं बंद असतं, दुसऱ्यात हात आणि डोकं दोन्ही राबतात. भंडाऱ्याची पितळेची भांडी प्रसिद्ध आहेत. तिथला शिकाऊ कारागीर आधी उस्तादासारखाच गुंड घडवायला शिकतो. त्याला कोणी नकलाकार म्हणत नाही. मात्र जन्मभर तेवढंच करून भागत नाही. घरच्या पंख्याला पायडल लागलं, कारण आजीचा दुखरा हात त्या मुलीने पाहिला होता. तो काही पुस्तकात नव्हता.

परवा तिच्या अंगणात चेनचा खडखडाट ऐकू आला. प्रतिकृती माळ्यावरून खाली आली होती. चेन अजून निसटते म्हणे.

कोनिका आणि मिनोल्टा २००३ साली एकत्र आल्या आणि २००६ साली त्यांनी कॅमेरे करणं थांबवलं. पण त्या नावातलं शेत दरवर्षी आपल्याकडे पिकतं. जपानीत एक म्हण आहे, तिचा अर्थ असा, की भाताची लोंबी जितकी भरते तितकी ती खाली वाकते. यंदा धान पिकलं की बांधावर उभे राहून नीट बघा. ज्या लोंब्या ताठ उभ्या असतील, त्यातली एखादी चिमटीत धरून दाबा. बहुधा पोचट निघेल!