देणं दोन विरोधकांचं

राजकारणावर कसं बोलावं हे मी ज्या दोघांकडून शिकलो, ते आयुष्यभर एकमेकांच्या विरोधात उभे होते. रत्नागिरी जिल्हा तेव्हा अखंड होता. आधी बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यामागून मधू दंडवते यांना दिल्लीला पाठवणाऱ्या राजापूर मतदारसंघात आमचं गाव होतं. आमचे गुरुजी सेवादलातले, पक्के समाजवादी. पलीकडच्या वाडीतले भाऊ तितकेच पक्के काँग्रेसवाले. संध्याकाळी वाचनालयाच्या पडवीत दोघांची जुंपली की आम्ही पोरं कॅरम सोडून ऐकत बसायचो.

गुरुजींची एक रीत होती. भाऊंचं म्हणणं ते आधी स्वतः मांडायचे आणि विचारायचे, "असंच ना, भाऊ?" कधी भाऊ म्हणायचे, "नाही गुरुजी, कूळकायद्याचा मुद्दा सोडलात तुम्ही." मग तो मुद्दा घेऊन गुरुजी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. भाऊंनी मान डोलावल्याशिवाय उत्तराला हात घालायचे नाहीत. उत्तर मात्र सडेतोड असायचं.

जून 1975 मध्ये आणीबाणी आली आणि गुरुजींना मिसा कायद्याखाली उचललं. मिसाबंदीच्या घराकडे वळायला माणसं बिचकत होती. भाऊंना आणीबाणी योग्यच वाटत होती आणि ते त्यांनी कुणापासून लपवलं नाही. पण गुरुजींच्या घरचे तांदूळ संपू द्यायचे नाहीत, हे त्यांनी अंगावर घेतलं. गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, तापाने फणफणल्या तेव्हा रात्री गाडी जुंपून त्यांना डॉक्टरकडे नेणारे भाऊच. काकूंच्या पत्राखाली तुरुंगात भाऊंची एक ओळ जायची: 'वाद बाकी आहे, तब्येत सांभाळा.'

1977 च्या निवडणुकीत गुरुजी सभेला उभे राहिले. वृत्तपत्रांवरची सेन्सॉरशिप, खटल्याविना तुरुंगात डांबलेली माणसं, यातलं काहीही त्यांनी सौम्य करून सांगितलं नाही. गर्दीतून कुणीतरी भाऊंच्या घरच्यांवरून शेरा मारला. गुरुजी थांबले. "त्यांच्या धोरणावर हवं ते बोला. घरावर बोलणार असाल तर मी खाली उतरतो." शेरा मारणारा खाली बसेपर्यंत ते पुढे बोलले नाहीत.

टिळक आणि गोखल्यांची गोष्ट मला गुरुजींनीच सांगितली. 1907 साली सुरतेला जोडा भिरकावला गेला, काँग्रेस फुटली, दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पण फेब्रुवारी 1915 मध्ये गोखले गेले तेव्हा टिळक सिंहगडावरून खाली आले आणि स्मशानात त्यांच्याविषयी मनापासून बोलले. सुरतेचा जोडा कुणाच्या उपयोगी पडला नाही, असं गुरुजी म्हणायचे.

पुढे काही वर्षांनी भाऊंनीच पडवीत सगळ्यांदेखत सांगितलं की वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करायला नको होती. गुरुजींनी विजयाचा एक शब्दही काढला नाही. "भूमिसुधारणेवर मात्र तुमचं बरोबर होतं," एवढंच म्हणाले. आपला मान जाणार नाही अशी खात्री असली तरच माणूस आपलं मत बदलतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. शिव्या खाल्लेला माणूस आपल्या चुकीलाच घट्ट धरून बसतो.

आज वाहिन्यांवरच्या चर्चांत आणि गावच्या पारावर समोरच्याचं वाक्य पुरं होऊ न देणं म्हणजेच शौर्य झालं आहे. मला याचं मनापासून दुःख होतं, कारण लोकशाहीत हरलेल्यालाही दुसऱ्या दिवशी त्याच गावात नांदायचं असतं. दोघांचं ऋण मी एकाच रीतीने फेडू पाहतो. माझा विरोध तसूभरही कमी न करता समोरच्याला आधी विचारतो, "तुमचं म्हणणं असंच ना?" आणि त्याचं उत्तर पुरतं ऐकून घेतो.