ओढ्याकडचा बांध

मी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. घर पन्हाळा तालुक्यात, म्हणून वसतिगृह न घेता एसटीनं ये-जा. प्रबंधाचा विषय आमच्या भागातली गवतं. भात, गहू, ज्वारी, ऊस हीसुद्धा गवतंच. जगभर या कुळाच्या ११ हजारांहून जास्त जाती आहेत. आमचं घर तर गवतावरच चालतं. म्हशींचं दूध डेअरीला जातं, त्यातूनच माझी फी भरली जाते.

ओढाताण होते ती इथंच. आईला गवत फुलायच्या आधी कापायचं असतं. कुसळी फुलोऱ्यावर आली की काडी निबर होते आणि कुसळं जनावराच्या तोंडाला टोचतात. मला मात्र ते फुललेलंच लागतं, कारण तुरा हाती आल्याशिवाय जात नक्की करता येत नाही. शेवटी वाटणी झाली. ओढ्याकडचा बांध माझा, बाकी रान म्हशींचं. तरी वैरण कमी पडली की आई विळा घेऊन विचारतेच, "आता तरी कापू काय गं ह्यो बांध?" तिला नाही म्हणताना जीव तुटतो.

गवताचे नमुने कागदात दाबून वाळवणं हे पावसाळ्यातलं मोठं काम. लांब काडी कागदावर मावत नाही, म्हणून ती दुमडून बसवायची, मुळांची माती धुवायची आणि कागद रोज बदलायचे. एक दिवस चुकला तरी बुरशी धरते. आमच्याकडे आषाढ-श्रावणात ऊन दिसत नाही, त्यामुळे ओले कागद चुलीवरच्या दोरीवर वाळतात. रद्दी गोळा करायचं काम घरच्यांनी आपणहून घेतलंय.

नेट परीक्षेचा अभ्यास पहाटे, धारा काढून झाल्यावर. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही, बसावंच लागतं.

गुरुवारी संध्याकाळी मात्र मी पुस्तक उघडत नाही. त्या दिवशी देवळात भजन असतं आणि मी पखवाज वाजवते. आजोबांनी शिकवलं. कणीक मळून ती डाव्या पुडीवर थापायची, थाप मारून पाहायची, जड वाटली तर थोडी काढायची. आवाज भरून आला की कान आपोआप सांगतो. परीक्षेच्या दिवसांतही मी हे सोडलेलं नाही. दिवसभर भिंगाखाली डोळे ताणून बसल्यावर तासभर नुसत्या हातांनी आणि कानांनी जगणं मला अभ्यासाइतकंच गरजेचं वाटतं.

एकदा मारवेल गवताचा नमुना घेऊन मी घरी बसले होते. आई शेजारून म्हणाली, "पेराला लव हाय बघ, मारवेलच हाय ती." पुस्तकातही हीच खूण दिली आहे: पेराभोवती पांढऱ्या केसांचं कडं. तिनं ती गवत कापता कापता हेरलेली. त्यानंतर मी प्रत्येक नमुना आधी तिला दाखवते. कोणतं गवत म्हैस आवडीनं खाते, कोणतं नुसतं हुंगून सोडते, कोणतं छपराला टिकतं, हे सगळं ती सांगते आणि मी लिहून घेते.

प्रबंधाच्या तक्त्यात माहिती देणारी व्यक्ती म्हणून तिचं नाव घातलं आहे. गावाकडून शिकायला येणाऱ्या माझ्यासारख्या सगळ्यांना सांगणं एवढंच: विषय कुठलाही असो, घरी गेल्यावर वही घेऊन आईशेजारी बसा आणि तिला विचारा.