माझा उजवा कान

आपल्या मराठी भाषेने कानाचे जेवढे लाड केले आहेत, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या अवयवाचे केले असतील. आपण कान टवकारतो, कान पिळतो, कान फुंकतो, कानावर हात ठेवतो, कानोसा घेतो. भिंतींनाही आपण कान देऊन ठेवले आहेत. गेली बावीस वर्षे मी हे वाक्प्रचार वर्गात शिकवते आहे. पण ज्याच्या जिवावर हा सारा संसार उभा आहे, तो कान बिचारा चालतो कसा, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो करायला लावला माझ्या उजव्या कानाने.

आमचे वालचंदनगर नीरेच्या काठी, उसाच्या मळ्यांत वसलेले. शेठ वालचंद हिराचंदांनी १९३० नंतरच्या दशकात इथल्या माळावर साखर कारखाना उभा केला आणि त्याच्याभोवती वसाहत वाढली. पुढे इथल्याच यंत्रशाळेत अग्निबाणांचे भागही घडले. पण लग्न होऊन मी इथे आले, तेव्हा मला भुरळ पाडली ती पाखरांनी. सात-आठ वर्षांपूर्वी मला वाटू लागले, की गावातल्या चिमण्या कमी झाल्या. वर्तमानपत्रांतही तसेच छापून येत होते. त्यामुळे माझा समज पक्का झाला. मी वर्गात त्यावर एक हळहळते भाषणही ठोकले! आणि एके सकाळी मुलगी म्हणाली, "अगं आई, खिडकीत केवढा कलकलाट चाललाय!" मी पाहिले. चिमण्या होत्या, चोची हलत होत्या. आवाज मात्र नव्हता.

त्यानंतर कुकरच्या शिट्ट्या गेल्या आणि आमच्या घरी वरण करपू लागले. "हे" स्वभावाने शांत. करपलेले वरण त्यांनी मुकाट्याने खाल्ले, पण तिसऱ्या खेपेला मला पुण्याच्या एस.टी.त बसवले.

डॉक्टरांनी कागदावर काढलेली माझ्या श्रवणाची रेघ डावीकडून निघून उजवीकडे दरीत कोसळावी तशी उतरली होती. जाड, खालचे आवाज थोडेफार शाबूत. बारीक, वरचे आवाज गेलेले. बोलण्यातले स्वर बहुतेक खालच्या पट्टीत असतात; पण स, श, त, थ, च ही व्यंजने वरच्या, नाजूक आवाजांची. मराठीच्या मास्तरणीला हे समजायला वेळ लागला नाही. माझ्यापर्यंत काना, मात्रा, वेलांट्या पोचत होत्या. अक्षरेच वाटेत गळत होती. म्हणून तर "ऐकू येते, पण कळत नाही" असे मी सर्वांना सांगत असे आणि सर्वजण मला "लक्ष नसते तुझे" असे सांगत असत.

श्रवणयंत्र घेतले. चारपाच वर्षे त्याने इमानाने सेवा केली. पण यंत्र आवाज मोठा करते. जे कानाच्या आतच मेले आहे त्याला जिवंत करीत नाही. आतल्या कानात वाटाण्याएवढा एक शंख असतो, अडीच वेढ्यांचा. त्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसाळ पेशी जन्मतः मिळतात. आवाजाच्या लाटेवर त्या हलतात आणि निरोप मज्जातंतूला देतात. माणसाच्या त्या एकदा गेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. पाखरांच्या मात्र पुन्हा उगवतात! हे वाचले तेव्हा खिडकीतल्या चिमण्यांचा मला थोडा हेवाच वाटला.

मागच्या पावसाळ्यात डॉक्टर म्हणाले, "उजव्या कानात आता कॉक्लिअर इम्प्लांट बसवावे." म्हणजे कानामागे त्वचेखाली एक चकती आणि तिच्यातून त्या शंखात सरकवलेली, बारा ते बावीस विद्युत्-अग्रे असलेली एक तार. बाहेर कानावर ध्वनी टिपणारे यंत्र. मेलेल्या पेशींना वळसा घालून निरोप थेट मज्जातंतूला. यातला एक मोठा मानकरी ऑस्ट्रेलियाचा ग्रॅम क्लार्क. त्याचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना ऐकू कमी येई. शंखाच्या वेढ्यांतून तार न मोडता न्यायची कशी, हे कोडे त्याला १९७७ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर सुटले. हातातल्या शंखात त्याने गवताची पाती घालून पाहिली. टोकाला लवचीक आणि बुडाला ताठ अशी पाती अलगद आत गेली. १९७८ मध्ये मेलबर्नला त्याने आपली पहिली शस्त्रक्रिया केली. आज पुण्यामुंबईतही या शस्त्रक्रिया होतात. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था तर १९८३ पासून श्रवणाच्याच कामाला वाहिलेली आहे.

एवढे सगळे वाचूनही मी तीन महिने "बघू" म्हणत राहिले.

पहिले कारण पैशाचे. खर्च लाखांत. लहान मुलांसाठी सरकारी योजना आहेत. माझ्यासारख्या प्रौढांना बहुधा स्वतःचीच पुंजी मोडावी लागते. आमची पुंजी मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली. दुसरे कारण भीतीचे. तार शंखात गेली, की त्या कानातले उरलेसुरले ऐकणेही जाऊ शकते. सुरुवातीला माणसांचे आवाज पत्र्याच्या डब्यातून यावेत तसे वाटतात. मेंदूला ते कित्येक महिने नव्याने शिकावे लागतात. गाणे तर पूर्वीसारखे लागेलच असे नाही. आणि माझ्या उजव्या कानात एक गोष्ट अजून उरली होती. आई. तिचा आवाज जाडा, खर्जातला. ती माझ्या उजव्या हाताला बसून कानाशी बोलली, की शब्द नाहीत तरी तिचा सूर मला ओळखू येई. चारपाच लाख रुपये मोजून मी तोच घालवायचा?

मी आईला काही सांगितले नाही. कानाडोळा करायला कान चांगला असावा लागत नाही!

मग एक गोष्ट घडली. तास संपल्यावर व्हरांड्याच्या गर्दीत तिसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्यापाशी येऊन हळूच काही बोलली. मला कळले नाही. पण कमी ऐकणाऱ्या माणसाला एक वाईट खोड लागते. समोरच्याला पुन्हा पुन्हा "काय?" विचारण्याची लाज वाटते, म्हणून तो हसून मान हलवतो. मीही हसले आणि म्हणाले, "हो, हो. छान."

आठ दिवस ती आली नाही. तिच्या मैत्रिणीला विचारले, तेव्हा तिने मला वहीत लिहूनच दाखवले. त्या मुलीने विचारले होते, "मॅडम, घरी लग्न ठरवताहेत. कॉलेज सोडू का?"

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी ह्यांना घेऊन तिच्या गावी गेले. तिच्या वडिलांचे बोलणे हे मला कागदावर लिहून देत होते. लग्न काही मोडले नाही, आणि ते मोडायला मी गेलेही नव्हते. पण परीक्षा झाल्याखेरीज मुलीला पाठवणार नाही, एवढे त्यांनी कबूल केले. निघताना ती मुलगी माझ्या समोर उभी राहिली आणि ओठ सावकाश हलवीत म्हणाली, "मला वाटलं, तुम्हालाही तसंच वाटतं."

परतीच्या वाटेवर मी ह्यांना म्हणाले, "डॉक्टरांना फोन करा." हे काही बोलले नाहीत. निदान मला तरी काही ऐकू आले नाही. मुलगी मात्र घरी येताच म्हणाली, "माझं कॉलेज कर्ज काढूनही होईल. कानाला कोण कर्ज देतंय?"

उरली होती आई. नवरात्रात मी तिच्याकडे गेले, तिच्या डाव्या बाजूला माझा उजवा कान करून बसले आणि सगळे सांगितले. शेवटी म्हणाले, "आई, या कानात तुझा आवाज आहे तसा पुन्हा येणार नाही." ती पुष्कळ वेळ माझ्या कानाच्या पाळीशी चाळा करीत राहिली. मग समोर येऊन, मला ओठ दिसतील असे म्हणाली, "कान टोचला तेव्हाही तू असाच आकांत केला होतास. सोनाराच्या हाताला चावलीस. आणि संध्याकाळी डूल हवेत म्हणून हटून बसलीस." थोडे थांबून तिने पुढे जोडले, "माझा आवाज काय, मी रोज बोलेन. शीक पुन्हा."

भाऊबीज झाली, की मी दवाखान्यात दाखल होणार आहे. टाके भरून यंत्र सुरू व्हायला तीनचार आठवडे लागतील. त्या दिवशी समोर बसून पहिले वाक्य कोणी बोलायचे, यावरून आमच्या घरी सध्या वाद चालू आहे. मी आईचे नाव सुचवले आहे. तिचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आला तरी चालेल. त्यात या वेळी एखादा "स", एखादा "श" असेल, आणि तो मला कळेल.